‘मवाली’ शब्दाची कुळकथा

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा क्रिकेट संघ आंतरशालेय सामन्यांसाठी तालुक्याच्या गावी गेला होता. मुलांबरोबर शिक्षक म्हणून मी होतो. संघातील अकरांपैकी नऊ मुले एकाच मोहल्ल्यातील. कुणाचे वडील गॅरेजमध्ये कामाला, कुणाची फळांची गाडी, एकाचे वडील आखातात. सामना आम्ही जिंकला. जिंकल्यावर मुलांनी जो आरडाओरडा करायचा तो केलाच. एकाने शर्ट काढून डोक्याभोवती फिरवला. मी रागावण्यासाठी पुढे होणार, इतक्यात मांडवात बसलेले एक सुशिक्षित गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “कुठून गोळा करून आणले हे मवाली?” आवाज फार मोठा नव्हता, पण मुलांच्या कानांवर जायचा तो गेला.

परतीच्या एस.टी.त मुले गप्प होती. अर्ध्या वाटेवर संघाचा कप्तान माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “सर, मवाली हा शब्द आपला आहे का?”

“आपला म्हणजे?”

“म्हणजे उर्दूतला. घरी अब्बा पण आम्हांला मवाली म्हणतात, तेव्हा काही वाटत नाही. त्या काकांनी म्हटलं तेव्हा...” पुढचे वाक्य त्याने सोडून दिले आणि खिडकीबाहेर बघत बसला.

शब्द अरबीतून आलेला आहे एवढे मला ठाऊक होते. त्यापलीकडे सांगता येण्यासारखे काही जवळ नव्हते. “शोधून सांगतो,” असे मी त्याला म्हटले. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. राजांच्या सनावळ्या आपण मुलांकडून पाठ करून घेतो, पण ज्या शब्दाने त्यांना रस्त्यात हाक मारली जाते त्याचा इतिहास त्यांना सांगत नाही. पुढचे काही महिने सवड मिळेल तसे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून तयार होतात. ‘वाव, लाम, ये’ हा असाच एक धातू. जवळ असणे, लगत असणे, हा त्याचा मूळ अर्थ. जो जवळचा तो वाली, तो राखणदार, म्हणून त्याच्याकडे अधिकार, अशी अर्थाची पावले पुढे पडत गेली. या एका धातूच्या घरात किती माणसे नांदतात ते पाहिले तर आश्चर्य वाटते. निकाहात वधूच्या वतीने बोलणारा वली, वक्फच्या मिळकतीचा कारभार पाहणारा मुतवल्ली, ईश्वराच्या जवळचा म्हणून संत तोही वली, आणि अशा वलींचे अनेकवचन औलिया. प्रांताचा अधिकारी वाली आणि त्याचा प्रांत ती विलायत. मौला, मौलवी, मौलाना हे सारे याच घरचे. आणि ज्या शब्दासाठी हा खटाटोप, तो मवाली म्हणजे ‘मौला’ या शब्दाचे अनेकवचन होय. मौलाना आणि मवाली एकाच आईची लेकरे आहेत, हे वर्गात सांगितले तेव्हा मुले आधी हसली आणि मग एकमेकांकडे पाहू लागली.

‘मौला’ या शब्दाची गंमत अशी की तो दोन्ही बाजूंनी चालतो. धनी तोही मौला आणि त्याच्या आश्रयाला असलेला तोही मौला. गुलामाला मुक्त करणारा मौला आणि मुक्त झालेला गुलामही मौला. जुन्या अरब समाजात टोळीशिवाय माणसाला उभे राहायला जागा नव्हती. टोळी पाठीशी नसलेल्याचा खून झाला तर त्याचा जाब विचारणारे कुणी नसे. म्हणून मुक्त झालेला गुलाम किंवा बाहेरून आलेला परका एखाद्या टोळीशी, तिच्यातील एखाद्या माणसाशी नाते जोडून घेई आणि त्याचा मौला म्हणून ओळखला जाई. हे नाते कायद्याचे होते, संरक्षणाचे होते, आणि काही वेळा प्रेमाचेही असे. हजरत झैद बिन हारिसा (रजि.) हे खुद्द पैगंबरसाहेबांचे (स.) मौला. हजरत बिलाल (रजि.) यांना हजरत अबू बक्र (रजि.) यांनी विकत घेऊन मुक्त केले, म्हणून ते त्यांचे मौला. या शब्दात तेव्हा कमीपणा नव्हता, निदान ज्यांच्या तोंडी तो होता त्यांनी तो मानला नाही.

कमीपणा आला तो पुढे. इराक, इराण, शाम, मिसर हे देश अवघ्या काही दशकांत अरबांच्या सत्तेखाली आले. तेथील हजारो लोकांनी इस्लाम स्वीकारला. पण धर्मात आले तरी टोळीत कसे येणार? तेव्हा जुनीच रीत पुढे चालू राहिली. नवा मुसलमान कुठल्या तरी अरब टोळीचा मौला होऊनच समाजात शिरे. अशा रीतीने मवाली हा एक मोठा वर्गच तयार झाला. हे लोक धर्माने मुसलमान, जातीने बिगर-अरब, आणि दर्जाने दुय्यम होते.

उमय्या घराण्याच्या राजवटीत (६६१ ते ७५०) या दुय्यमपणाचा जाच चांगलाच जाणवू लागला. लढाईत मवाली बरोबरीने लढत, पण दिवाणात, म्हणजे सैनिकांच्या पगारपटात, त्यांना अरबांच्या बरोबरीचे वेतन नसे. पुष्कळांची तर नावेच पटावर नसत. इस्लाम स्वीकारल्यावर जिझिया माफ व्हायला हवा, पण खजिन्याला तोटा येतो म्हणून अनेक ठिकाणी तो चालूच ठेवला गेला. इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ (कारकीर्द ६९४ ते ७१४) याने तर शेती सोडून शहरांत आलेल्या मवालींना हुसकून पुन्हा त्यांच्या गावी धाडले. शहरात गर्दी करणारे खेड्यातले लोक सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतात, ही गोष्ट आजकालची नाही! अरबाला अरबेतरावर श्रेष्ठत्व नाही, हे हज्जतुल विदाच्या प्रवचनात सांगून पुरती शंभर वर्षेही झाली नव्हती. खलीफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी (७१७ ते ७२०) नव्या मुसलमानांवरील जिझिया उठविण्याचा हुकूम काढला, परंतु त्यांना राज्य करायला तीन वर्षेही धड मिळाली नाहीत.

आता याच मवालींनी काय केले ते पाहा. पगारपटावर जागा नाही, सुभेदारी नाही, तेव्हा ते विद्येकडे वळले. बसऱ्याचे हसन बसरी मवालींच्या घरातले. मक्केचे मुफ्ती अता बिन अबी रबाह हेही मौला. इमाम मालिक यांचे गुरू नाफे हे हजरत अब्दुल्ला बिन उमर (रजि.) यांचे मौला. पैगंबरसाहेबांचे (स.) पहिले विस्तृत चरित्र लिहिणारे इब्न इसहाक यांचे आजोबा युद्धात कैद होऊन मदिनेला आलेले. अरबी भाषेचे व्याकरण ज्याने बांधले तो सीबवैह हा इराणी, म्हणजे अरबांना त्यांच्या भाषेचे नियम एका मवालीने लिहून दिले! ७११ साली स्पेनच्या किनाऱ्यावर उतरलेला तारिक बिन झियाद हा मूसा बिन नुसैर या सुभेदाराचा मौला. जिब्राल्टर या नावात आजही त्याचे नाव आहे, ‘जबल तारिक’ म्हणजे तारिकचा डोंगर. आणि इमाम बुखारी? त्यांच्या नावापुढे ‘जोफी’ असे लागते. जोफी ही अरब टोळी. इमामसाहेब तर मध्य आशियातील बुखाऱ्याचे. त्यांचे पणजोबा त्या टोळीच्या एका अधिकाऱ्याच्या हातून मुसलमान झाले, म्हणून वला या नात्याने ते नाव घराण्याला चिकटले.

जुन्या ग्रंथांत एक प्रसंग येतो. खलीफा अब्दुल मलिक (कारकीर्द ६८५ ते ७०५) यांनी इमाम झुहरी यांना विचारले की मक्केत लोकांचा धर्मविद्येतील म्होरक्या कोण? झुहरींनी अता यांचे नाव सांगितले. अरब की मवाली? मवाली. मग यमनमध्ये कोण, मिसरमध्ये कोण, शाममध्ये कोण, खुरासानात कोण, बसऱ्यात कोण, असे एकेका प्रांताचे विचारीत गेले आणि प्रत्येक वेळी उत्तर आले, मवाली. शेवटी कुफ्याचे नाव घेतल्यावर इब्राहीम नखई हे अरब निघाले, तेव्हा कुठे खलीफांचा जीव खाली पडला. हा संवाद असाच्या असा घडला की नंतर रचला गेला याविषयी अभ्यासकांना शंका आहे. मला स्वतःला तो रचलेला वाटतो, कारण तो फारच बेतून आल्यासारखा आहे. पण ज्यांची नावे त्यात आहेत ती माणसे खरी, आणि रचणाऱ्याच्या मनात काय होते तेही स्पष्ट आहे.

विद्येने सगळ्यांचे समाधान होत नाही. ६८५ साली कुफ्यात मुख्तार सकफीने बंड पुकारले तेव्हा मवाली मोठ्या संख्येने त्याच्या मागे गेले. ते बंड दोन वर्षांत मोडले. पण ७४७ मध्ये खुरासानात अबू मुस्लिमने काळे झेंडे उभारले, त्यांच्याखाली असंतुष्ट अरब आणि मवाली दोघेही जमले, आणि ७५० मध्ये झाब नदीच्या लढाईत उमय्यांची सत्ता संपली. अब्बासी खलीफांनी बगदाद वसविले. बर्मकी घराण्यासारखे इराणी वजीर दरबारात आले. अरब आणि मवाली हा भेद हळूहळू निरर्थक होत गेला. ज्या अर्थासाठी शब्द जन्माला आला तो अर्थच उरला नाही की शब्द मोकळा होतो, आणि मोकळा शब्द बेकार माणसासारखा कुठेही भटकतो.

भटकत तो फारसीत आला, फारसीतून आपल्याकडे. येताना त्याची कायद्याची बाजू गळून पडली आणि ‘आश्रित’ एवढा भाव राहिला. उर्दूत तो एकटा क्वचित दिसतो, जोडीने येतो. अहाली-मवाली, हवाली-मवाली, हालीमवाली. अर्थ काय, तर बड्या माणसाच्या अवतीभोवती असणारी मंडळी, नोकरचाकर, संगीसोबती, तोंडपुजे. सरदार उठला की उठायचे, हसला की हसायचे. माझी नानी लग्नघरी पंगत मोजायला बसली की म्हणायची, “घर के लोगां अलग, हालीमवाली अलग गिनो.” तिच्या तोंडी शिवी नव्हती, फक्त बोलावल्यावाचून आलेल्यांचाही भात शिजवायला हवा एवढा हिशेब होता.

या टप्प्यावर मराठीचाही थोडा विचार केला पाहिजे. फारसी-अरबी शब्द मराठीत आले ते बहुतेक सरकारदरबाराच्या वाटेने. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात माधव जूलियन यांनी फार्शी-मराठी कोश (१९२५) रचून मराठीत मुरलेल्या अशा शब्दांची नोंद केली. परंतु दरबारातून आलेला शब्द निराळा आणि बाजारातून, अड्ड्यावरून आलेला निराळा. पहिल्याला पर्याय देता येतो, कारण तो वापरणारा कारकून हुकमाचा ताबेदार असतो. दुसऱ्यावर कुणाचाच हुकूम चालत नाही.

मवाली हा शब्द मराठीत आणि मुंबईच्या हिंदीत रुळला तो अशा दुसऱ्या वाटेने. जहागिरी गेल्या, नवाब-सरदारांचे वाडे ओस पडले. मालक गेला तरी हालीमवाली राहिले. ज्याच्या आधाराने ते जगत होते तोच नाही म्हटल्यावर जोडशब्द मोडला आणि उरला तो नुसता ‘मवाली’. ज्याला धनी नाही, धंदा नाही, जो चौकात बसून असतो, गांजाच्या चिलमीभोवती ज्याची बैठक जमते, तो मवाली. पुढे मुंबईसारख्या शहरात दूरदूरहून आलेले एकटे पुरुष गर्दीने राहू लागले, वस्त्यावस्त्यांतून तालमी आणि अड्डे उभे राहिले, तसा रिकामटेकडा या अर्थात दांडगाईचा अर्थ मिसळला. आज मवाली म्हणजे गुंड. अर्थाच्या या साऱ्या पायऱ्या पाहिल्या तर एकही उडी मोठी नाही. आश्रित, मग हुजऱ्या, मग रिकामटेकडा, मग व्यसनी, मग दांडगट. प्रत्येक पाऊल लहान, पण तेराशे वर्षांत शब्द कुठून कुठे जाऊन पोहोचला! व्याकरणही विसरले गेले. मूळ शब्द अनेकवचनी. आपण ‘एक मवाली’ म्हणतो. अर्थात यात मवालीचा एकट्याचा दोष नाही. नवाब, उमराव, औलाद हेही मुळात अनेकवचनीच आहेत.

असे खाली घसरलेले शब्द आपल्या बोलण्यात पुष्कळ आहेत. बदमाश म्हणजे ज्याचे ‘मआश’, पोट भरण्याचे साधन, ‘बद’ आहे तो. मुळात हे माणसाच्या धंद्याविषयीचे विधान, आता स्वभावाविषयीचे झाले. दादा म्हणजे वडील भाऊ. गल्लीतला जोरदार माणूस दादा झाला तेव्हा त्यात भीतीइतकाच आदरही होता, आणि ‘भाई’चेही पुढे तेच झाले. सिनेमाने या सगळ्या शब्दांना गावोगाव पोहोचविले. १९८३ साली जितेंद्रचा ‘मवाली’ याच नावाचा हिंदी चित्रपट आला. ज्या खेड्यात कुणी मुंबई पाहिली नव्हती तिथेही भिंतीभिंतीवर हा शब्द लागला.

पण सगळेच शब्द खाली घसरतात असे नाही. मवालीच्याच घरातील दुसरा भाऊ पाहा. औलिया म्हणजे संतमंडळी. मराठीत येऊन तो झाला ‘अवलिया’, तोही एकवचनी. चारचौघांच्या रीतीने न वागणारा, पैशाची पर्वा नसलेला, लहरी पण मनाचा मोठा असा जो कुणी चित्रकार, गवई किंवा वैद्य असेल त्याला मराठी माणूस कौतुकाने अवलिया म्हणतो. दर्ग्यातील फकीर लोकांनी जवळून पाहिले होते, त्यांच्या विक्षिप्तपणाबरोबर त्यांचे मोठेपणही पाहिले होते, म्हणून हा अर्थ आला असावा असे मला वाटते. हिंदू-मुसलमान दोघेही हा शब्द सारख्याच मायेने वापरतात. रिकामा बसलेला अवलियाही असतो आणि मवालीही. एकाला संताचे नाव मिळाले, दुसऱ्याला आश्रिताचे.

तिसऱ्या भावाची हकीकत अधिक लांबची आहे, आणि मला ती सर्वांत आवडली. विलायत म्हणजे प्रांत, मुलूख. हिंदुस्थानात आलेल्या तुर्क-अफगाण लोकांच्या तोंडी ‘विलायत’ म्हणजे त्यांनी मागे सोडलेला आपला मुलूख. पुढे समुद्रापलीकडून टोपीवाले आले, आणि दूरचा परदेश म्हणजे विलायत हा अर्थ त्यांच्या देशाला चिकटला. विलायतेहून आले ते विलायती. खरोखर विलायतेहून आले की नाही याची चौकशी कुणी केली नाही. आपण ज्याला विलायती चिंच म्हणतो ते झाड मध्य अमेरिकेकडचे. विलायती बाभूळही अमेरिकेचीच. उत्तरेत टोमॅटोला बिलायती बैंगन म्हणत आणि साहेबाच्या सोडावॉटरला बिलायती पानी. १९०५ साली पुण्यात आणि १९२१ साली मुंबईत परळला विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या तेव्हा या साध्या विशेषणाला राजकीय धारही आली.

‘व’चा ‘ब’ करण्याची उत्तरेकडील अनेक बोलींची सवय आहे. छावणीतील गोरा सोल्जर आपल्या नोकराच्या, भिश्त्याच्या तोंडून ‘बिलायती’ हा शब्द ऐकत होता. घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या त्या सोल्जराने तो उचलला आणि आपल्या जिभेने त्याचे ‘ब्लायटी’ केले. सोल्जरांनी असे पुष्कळ शब्द उचलले. ‘देखो’चे त्यांनी ‘डेको’ केले, आणि इंग्लंडात आजही ‘डेको टाकणे’ म्हणजे नजर टाकणे. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन, या हुसैन’ असा जो आक्रोश होतो तो त्यांच्या कानांना ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकू आला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघा विद्वानांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रचंड कोश रचला (१८८६) त्याला हेच नाव दिले. एका शोकाचे त्यांनी पुस्तकाचे गमतीदार शीर्षक केले, हे वाचून मला थोडे खटकले. कोश मात्र अमोल आहे, आणि बिलायती पाण्याची नोंद मला त्यातच सापडली.

ब्लायटी हा शब्द बरीच वर्षे हिंदुस्थानात नोकरी केलेल्या पलटणींपुरताच होता. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि त्या जुन्या सोल्जरांच्या शेजारी लाखो नवी पोरे खंदकात येऊन बसली. त्यांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता, पण शब्द घेतला. ब्लायटी म्हणजे घर, कोरडे अंथरूण, आईच्या हातचा चहा. १९१६ साली ‘टेक मी बॅक टू डिअर ओल्ड ब्लायटी’ हे गाणे इंग्लंडभर गाजले, आणि त्याच वर्षी सैनिकांसाठी ‘ब्लायटी’ नावाचे साप्ताहिक निघाले. खंदकात या शब्दाला आणखी एक अर्थ फुटला. जीव जाणार नाही पण घरी पाठवावेच लागेल, अशा जखमेला सोल्जर ‘ब्लायटी’ म्हणू लागले. हातापायाला गोळी लागून ज्याला स्ट्रेचरवरून नेत त्याच्याकडे इतर सोबती हेव्याने पाहत. काहींनी स्वतःच्या हाताने अशी जखम करून घेतली, आणि त्यांच्यावर कोर्टमार्शल झाले. युद्ध संपले; शब्द राहिला. आज इंग्लंडातील वर्तमानपत्रात तो थट्टेने, थोड्या मायेने ‘आपला देश’ या अर्थाने सहज येतो.

त्याच युद्धात आपलीही माणसे होती. तेरा लाखांच्या आसपास हिंदी लोक समुद्रापार गेले. फ्रान्समधून शिपायांनी घरी लिहिलेली पत्रे सरकारी तपासनीस उघडून भाषांतरित करीत, म्हणून त्यातली पुष्कळ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. शिपायाला विलायत म्हणजे इंग्लंड, साहेबाचा देश. मराठा पलटणी, ज्यांत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत, त्या इराकच्या मोहिमेवर होत्या. तिथला तुर्की मुलूख १८६४ च्या कायद्याने आखलेल्या ‘विलायतीं’त वाटलेला होता, बसरा, बगदाद आणि मोसूल या तीन विलायती. कूत-अल-अमारा येथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या हाती लागले. त्या वेढ्यात उपाशी पडलेला गोरा सोल्जर ब्लायटीची आठवण काढत होता, सातारा-कोकणाकडचा शिपाई विलायतेच्या बादशहासाठी लढत होता, आणि बाहेर वेढा घालून बसलेला तुर्क आपली विलायत राखत होता. शब्द एकच, हाल मात्र तिघांचेही. कैद झालेल्या शिपायांतील हजारो पुढे वाळवंटाच्या वाटेवर आणि छावण्यांत मेले.

हे सारे मी नववीच्या वर्गात तीन तासिकांत सांगितले. अभ्यासक्रम थोडा मागे पडला, त्याबद्दल मुख्याध्यापकांची बोलणीही खाल्ली. कप्तान पहिल्या बाकावर बसून ऐकत होता. तिसरी तासिका संपल्यावर तो म्हणाला, “सर, म्हणजे ते काका आम्हांला बुखारी शरीफवाल्यांच्या जातीचे म्हणाले?” मी म्हटले, “त्यांनी शिवीच दिली, बेटा. शब्दाचा अर्थ जो बोलतो त्याच्या मनात असतो, कोशात नव्हे. पण कोशही आपल्या हाती असलेला बरा.” तो यावर बराच वेळ विचार करीत उभा राहिला. माझ्या उत्तराने त्याचे समाधान झाले असे मला वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. एस.टी.त त्याने सोडून दिलेले वाक्य मी अजून पुरे करू शकलेलो नाही. बापाच्या तोंडी जो शब्द लाडाचा, तोच परक्याच्या तोंडी का लागतो, याचे उत्तर कुठल्याही धातूत सापडत नाही.

पुढच्या आठवड्यात संघाच्या बॅटवर कुणीतरी काळ्या शाईने उर्दू अक्षरांत ‘मवाली’ असे लिहून ठेवले. क्रीडाशिक्षकांनी ते पुसायला सांगितले. मुलांनी पुसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले. मग क्रीडाशिक्षकांनीही नाद सोडला. परवा मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेने जात होतो. सहावीच्या एका पोराने चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलावला, आणि यष्टीमागे उभा असलेला त्याचा जोडीदार मोठ्याने ओरडला, “काय मवाली शॉट मारलास रे!”